आठ वाजताचा पाव

"मशीन कुठंय?" म्हाताऱ्याने विचारलं. हातातलं कार्ड त्याने तसंच पुढे धरलं होतं.

काउंटरवर सगळीकडे पीठ सांडलेलं होतं. मशीनच्या जागी तेवढा एक कोरा चौकोन उरला होता.

"परत केलं," बेकरीवाली म्हणाली. "काका, एका पावामागे मला सुटणार चार दमड्या. त्यातल्या तीन कार्डवाले कापून नेतात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजू? आता फक्त रोख."

"कापतात ते मी वरून देतो. पण कार्डच घे गं, पाया पडतो."

"अहो, मशीनच नाही तर कार्ड लावू कुठे? कपाळाला?" मग तिचा आवाज उतरला. "न्या आज तसाच. पण तुम्हाला दात तरी कुठे आहेत? पाव लागतो कशाला रोज?"

पाव त्याला लागतच नव्हता. तो चिमण्यांना जायचा. त्याला हवा होता तो बँकेचा मेसेज. खातं मुलीने उघडून दिलं होतं, त्यावर नंबरही तिचाच होता. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि हा रागाच्या भरात बोलून गेला, "तू मला मेलीस." तेव्हापासून तिने त्याचा फोन उचलला नव्हता. मग त्याने हा पाव धरला. रोज आठ वाजता, कार्डावर. बाप अजून जिवंत आहे, एवढं तरी तिला कळावं. तापातसुद्धा त्याने एक दिवस चुकवला नव्हता. ती मेसेज वाचते की न वाचताच पुसून टाकते, देव जाणे.

समोरच्या औषधवाल्याच्या दारावर पाटी होती, 'कार्ड चालणार नाही'. बँक दोन थांबे लांब. तो चालत निघाला, पण गुडघ्यांनी चौकातच हात टेकले.

पाव न घेताच तो घरी आला आणि खाटेवर बसला. आज आपण तिच्या लेखी मेलो, असं त्याच्या मनात आलं. तो लहान पोरासारखा रडला.

दुपारी कोणीतरी दार धडाधडा वाजवलं. उघडलं, तर मुलगी. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. धाप लागलेली. तिने त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ती ओरडली,

"बाबा, आज पाव का नाही घेतलात?"