उभी गिटार

"वहिनी, उद्या कार्यक्रमात तुम्ही हा वाजवा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खुळखुळा लॉन्ड्रीवालीच्या पुढ्यात धरलाही.

सरावाच्या खोलीत पहिल्या रांगेतल्या चौघांनी उगाचच आपापल्या गिटारीच्या खुंट्या पिळायला घेतल्या. त्यांतल्या सुताराने तर सुरात असलेली तार बेसूर करून ठेवली.

लॉन्ड्रीवालीने खुळखुळ्याकडे पाहिलं. मग दाराशी बसलेल्या सासूबाईंकडे, त्यांच्या मांडीवरच्या बाळाकडे.

"घरी आहे एक," ती म्हणाली. "पण त्याचा मालक सात महिन्यांचा आहे. हातातून सुटला तर घर डोक्यावर घेतो."

कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर हसले नाहीत.

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. मनगटाला पट्टा बांधून येता. एफ आला की चेहरा असा होतो की बघवत नाही. आणि गाण्यात तो अकरा वेळा येतो."

खोटं नव्हतं ते. एफ हा कॉर्ड म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी आपापली कामं मुकाट करायची. मास्तरांच्या पद्धतीत गिटार उजव्या मांडीवर आडवी, मागून अंगठा रेटलेला, मनगट नळासारखं वाकलेलं. त्याच मनगटावर दिवसातून वीसदा बाळ उचललं जायचं. डॉक्टरांनी ते नुसतं दाबून पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन्हींपैकी एक कमी करा, ते म्हणाले होते, आणि हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"आता बाळ तर कमी करता येत नाही," मास्तर म्हणाले.

"का नाही? मला विचारून तरी बघायचं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "पहाटे चारला याल, तर झबल्या-टोपड्यासकट देते."

या वेळी सगळेच हसले. लॉन्ड्रीवालीने तेवढ्यात पट्टा सोडला, पिशवीतून साबणाचं रिकामं खोकं काढलं आणि खुर्चीपुढे ठेवलं.

"मास्तर, एकदा ऐका. मग खुळखुळा द्या, नाहीतर घरी पाठवा."

डावा पाय खोक्यावर गेला. गिटार उचलून तिने डाव्या मांडीवर घेतली आणि तिची मान वर केली. इतकी वर की खुंट्या कानाजवळ आल्या. कोपर बरगडीशी सैल सोडलं. मनगट आता पट्टीने आखल्यासारखं सरळ होतं.

"हे काय? असं कोण धरतं? बाळाला ढेकर काढायला घेतल्यासारखं!"

"ढेकर काढताना हात दुखत नाही, मास्तर. तिथेच तर कळलं."

तिने पहिलं बोट तारांवर टाकलं. सपाट नाही, किंचित कुशीवर वळवून, हाडाची कड तारांवर येईल असं. मग अंगठा मानेपासून सोडला आणि सरळ हवेत धरला.

"अंगठा लावा!"

"नको त्याला. मनगटाने इस्त्री दाबली की दहाव्या चादरीला हात जातो. खांद्यापासून वजन सोडलं की ढीग संपतो. सासूबाईंनी लॉन्ड्रीत पहिल्याच दिवशी शिकवलंय."

तिने तारा छेडल्या. पाच वाजल्या, तिसरी ठप्प.

"बघा," मास्तर म्हणाले.

तिने बोट केसभर सरकवलं. पुन्हा छेडलं. सहाही वाजल्या, आणि अंगठा अजून हवेतच होता.

"आता गाणं घ्या," ती शेजारच्यांना म्हणाली.

चौघांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी अडवलं नाही, तेव्हा सुताराने पायाने ठेका धरला. गाणं सुरू झालं. सातव्या एफला तिसरी तार पुन्हा ठप्प झाली. ती थांबली नाही. मास्तर गाण्याकडे कमी आणि तिच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. अकरा वेळा बघितलं. कळ काही दिसली नाही. दिसलं ते एवढंच, की मधल्या कडव्यात ती बाळाला जीभ काढून दाखवत होती.

गाणं संपलं.

"वाजला," मास्तर म्हणाले. "पण ही पद्धत नव्हे. वीस वर्षांत मी कोणाला असं शिकवलेलं नाही."

"वीस वर्षांत तुमच्याकडे कोणी कडेवर लेकरू घेऊन शिकायला आलं नव्हतं."

"आणि उद्या स्टेजवर दुखलं तर?"

"तर थांबेन. पण माझी मी थांबेन."

मास्तरांनी खुळखुळा खिशात कोंबला. तो तिथेही वाजलाच.

"बरं. घ्या गिटार उद्या. पण आतापासूनच बसायचं त्या टोकाला, खांबाच्या आड. चार आडव्या आणि मधेच एक उभी, लोकांना वाटेल आम्हाला साधं बसायलाही शिकवलेलं नाही."

लॉन्ड्रीवाली उठली. एका हातात गिटार घेतली, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली आणि खोकं पायाने ढकलत निघाली. खांबाकडे नाही. सुतार आणि त्याच्या पलीकडे वाजवणारी शाळेतली शिक्षिका यांच्या मधे जेमतेम एका माणसाची फट होती. तिथे ती थांबली.

"उभीला जागा कमी लागते, मास्तर. मी मधेच मावते."

ती खुर्ची आत सरकवून बसली. तिच्या उजव्या हाताला सुतार होता. त्याच्या गिटारीची आडवी मान तिच्या दंडाला लागायला लागली. त्याने इकडे सरकून पाहिलं, तिकडे सरकून पाहिलं. शेवटी त्यानेही आपल्या गिटारीची मान थोडी वर केली.