बशीखालचा वास

तीन काळे पेले, तिन्हींवर तीन बशा. लेकीने ते फळीवर ओळीने मांडले आणि एप्रनला हात पुसले.

"बाबा, निवडा."

उस्तादाचा हात लगेच पुढे झाला नाही. शरदातला हा दिवस दरवर्षी त्याचा असायचा. झाडं पिवळी पडली की भट्टीत तीन वेगळ्या बिअर तयार व्हायच्या, आणि त्यांतली एक ऋतूभर नळाला लागायची. कुठली, ते उस्तादाचं नाक ठरवायचं. रंग बघून मन फितूर होऊ नये म्हणून पेले काळे, वास उडून जाऊ नये म्हणून वर बशी, आणि उस्ताद बोलेपर्यंत बाकीच्यांनी बिअरबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नियम त्यानेच घालून दिला होता. आज तोच त्याच्या गळ्याशी आला होता.

उन्हाळ्यातल्या तापाने त्याचं नाक नेलं होतं. साबण, धूर, लेकीच्या केसांचं तेल, कशाचाच वास येईना; जिभेलाही गोड, खारट, कडू एवढंच कळे. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पोती उचलायला पाठ नाही, काट्यावरचे आकडे वाचायला डोळे नाहीत. नाकही गेलं म्हटलं, तर भट्टीत उस्ताद म्हणून उरलं काय?

त्यात यंदा तिन्हींतली एक लेकीने एकटीने बनवली होती. कुठली, ते तिने सांगितलं नव्हतं.

"उस्ताद, बाहेर मंडळी ताटकळलीत," कोठीवाला म्हणाला. तोंडाला कधी बूच लागत नाही म्हणून त्याला सगळे बूचकाका म्हणत. "नाक चालवा लवकर, नाहीतर मी माझं चालवतो. माझं मोठं आहे."

"मोठं आहे, पण त्यात तपकीर राहते," उस्ताद म्हणाला.

लेक हसली नाही.

त्याने पहिली बशी उचलली. डोळे मिटले, नाक पेल्यात नेलं, छाती भरून श्वास घेतला. आत थंडगार हवा आली. नुसती हवा. घोट घेतला, मान हलवली, आणि मिटल्या पापण्यांच्या फटीतून हळूच लेकीकडे पाहिलं. लहानपणी साखर चोरली तरी हिच्या आधी हिचा चेहरा चुगली करायचा. तेवढ्या एका भरवशावर तो आज फळीशी उभा होता.

ती भिंतीकडे बघत होती.

दुसऱ्या पेल्याला ती नखं बघत होती. त्याने ओठ जेमतेम ओले केले आणि पेला सरकवला.

तिसरी बशी उचलली, तशी ती थबकली. श्वास धरून, थेट त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

हीच हिची, उस्तादाच्या मनाने ग्वाही दिली. त्याला इतकं हलकं वाटलं की शब्द आपसूक आले, वर्षानुवर्षं यायचे तसे.

"ही! अगं, हिच्यात उतरतं ऊन आहे. आधी भाजल्या पावाची कड, मग पिकली नाशपाती, आणि जाता जाता मागे वळून बघावं तसं थोडं ओलं लाकूड. हात बसला गं तुझा."

बूचकाकाने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

उस्तादाने पेला खाली ठेवला.

लेकीने तो पेला उचलला, नाकापाशी नेला न नेला आणि लांब धरला. "गेल्या वर्षीची आहे, बाबा. पिंपाच्या तळाशी उरलेली, मीच मुद्दाम ठेवली. ओल्या पुठ्ठ्यासारखी घाण मारतेय."

"सर्दी झालीय जराशी."

"पाच महिने? परवा दूध करपून घरभर धूर झाला. तुम्ही शेगडीला पाठ करून शब्दकोडं सोडवत होतात."

"तेव्हाच विचारायचंस मग. असं चारचौघांत..."

"चारचौघांत तुम्ही खोटं बोलता आणि घरात गप्प बसता. कधी विचारायचं होतं?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, आज तरी सांगाल. बशी खाली ठेवाल आणि म्हणाल, बये, मला काही कळत नाही, तूच बघ. एवढंच ऐकायचं होतं मला."

तो फळीवरची धूळ बोटाने गोळा करत राहिला. धूळ नव्हतीच तिथे.

"तुझी कुठली होती?"

"दुसरी," ती म्हणाली. "ती तुम्ही नीट तोंडालाही लावली नाहीत."

तिने पेले उचलून मोरीत उपडे केले. मग खाली वाकून दुसऱ्या पिंपाची नळी जोडली, पान्याने आवळली, आणि दार उघडायला बूचकाकाला मानेनेच सांगितलं. उस्तादाला विचारलं नाही.

लोक गलक्याने आत आले. बाकं ओढली गेली, कोट निघाले, बाहेरची चारदोन वाळकी पानंही पायांबरोबर आत आली. दरवर्षीसारखे सगळे उस्तादापुढे गोळा झाले. निम्मी मंडळी बिअरसाठी यायची, निम्मी त्याचं बोलणं ऐकायला.

"बोला उस्ताद! यंदा काय आहे पेल्यात?"

लेकीने काचेचा ग्लास भरून त्याच्या हाती दिला. फेस पांढराशुभ्र, खाली तांबूस उजेड. तो तिच्याकडे झुकला.

"काय आहे गं हिच्यात?" ओठ न हलवता त्याने विचारलं. "सांग ना. मी तेच म्हणतो."

"तुम्हाला लागतंय ते म्हणा," ती म्हणाली आणि पुढचा ग्लास नळाखाली धरला.

उस्तादाने मोठा घोट घेतला. तो जिभेवर घोळवला, गिळला. समोर सगळे कान टवकारून गप्प उभे होते.

"कडू," तो म्हणाला.

सगळी खोली खो खो हसत सुटली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मागून एकजण ओरडला, "वा उस्ताद! आता खरं सांगा!"