ऐकीव कडुलिंब

वारा सुटला तशी टेकडीवरच्या बागेत कडुलिंबाच्या सालीतून हास्यक्लबची चार वर्षांपूर्वीची सकाळ उमटली. शरयूबाई रोजच्यासारख्या बाकावर डोळे मिटून बसल्या. असल्या झाडांना लोक 'ऐकीव' म्हणत; ऐकलेलं ती विसरत नसत. त्या हसण्यात अच्युतरावांचा गडगडाट सगळ्यांच्या वर होता. यजमान जाऊन तीन वर्षं झाली, पण झाडानं हसू जपलं होतं.

हसणं थांबलं की तुळशीराम माळी हटकून हाक मारायचा, "चला बाई, चहा निवतोय." आज तो गावी गेला होता. बाई बसूनच राहिल्या.

क्लबची मंडळी पांगल्याचे आवाज आले आणि मग झाडातून कुणीतरी हुंदके देऊ लागलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे रडणं बाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टरांनी वर्षच सांगितलंय, तुळशीराम. हिला कळू देऊ नकोस."

"पण साहेब, हे झाड ऐकतंय ना."



"मग हसणं संपलं की हिला चहाला बोलवत जा," अच्युतराव म्हणाले. "चहाला ती नाही म्हणत नाही."