हेल्मेटचं माप

दुकानदाराने डोक्याचं माप विचारलं, तेव्हा मी पर्समधून गाठ मारलेला दोरा काढला. रविवारी नवऱ्याच्या डोक्याला तेल लावताना गुपचूप घेतलेलं माप.

"स्कीइंगसाठी ना? साहेब कधी निघणार?"

"साहेब जात नाहीत आता," मी म्हटलं आणि लाल हेल्मेट खोक्यात बांधून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी गुलमर्गला स्कीइंग करताना त्याचा पाय मोडला होता. हॉस्पिटलातच मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली, की पुन्हा बर्फावर जायचं नाही. त्याने ती पाळली. तेव्हापासून थंडी पडली की तो माळ्यावरच्या स्की काढतो, पुसतो, मेण लावतो आणि परत ठेवून देतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या वाढदिवसाला त्याने खोकं उघडलं.

"आणि तुझी शपथ?"

मी हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं. माप अगदी बरोबर निघालं. हनुवटीखालचा पट्टा घट्ट ओढला.

"सुटली शपथ. नुसतं मेण किती वर्षं लावणार?"