पालथा गुलाब

"यावर मी माझा शिक्का मारणार नाही," आन्सेल्म रावू म्हणाले आणि ब्रोच त्यांनी आपल्या मुलीकडे, सोलांजकडे परत सरकवला.

घडवणाऱ्याच्या शिक्क्याशिवाय पॅरिसमध्ये दागिना विकता येत नाही. सोलांजने स्वतः काढलेला, स्वतः घडवलेला हा पहिलाच दागिना. टोकावर उभा केलेला चौकोन, अर्धा काळ्या लाखेचा, अर्धा नुसता प्लॅटिनमचा. पान नाही, फूल नाही, एक खडा नाही.

आपल्या हिऱ्यांच्या गुलाबाची पिन दुरुस्त करून न्यायला आलेल्या मादाम देल्व्हँकूर पुढे वाकल्या. "हे काय गं, पत्त्यातली चौकट? का कुणाच्या मोटारीतून गळून पडलंय? लढाई संपली तशी तुम्ही पोरींनी केस कापून टाकले, आता फुलंही टाकलीत."

"माझ्या वडिलांपासून इथे गुलाब घडतोय," आन्सेल्म म्हणाले. "चौकटी खेळायच्या तर कॅफेत जाऊन बस."

सोलांजला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला. तिने मादामांचा गुलाब उचलला, पालथा करून वडिलांपुढे ठेवला आणि शेजारी भिंग आपटलं.

"काय दिसतं, बाबा?"

"माझा शिक्का."

"त्याचा आकार सांगा."

मादामांनीच भिंग ओढून घेतलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "चौकट!"

"आकार सरकारने ठरवलाय," आन्सेल्म पुटपुटले. "आणि तो मागे असतो. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून."

"माझ्या आला. लहानपणी गुलाब पुसायला द्यायचात तुम्ही मला, पालथे. फुलं गिऱ्हाईक बघायचं. मी हेच बघत मोठी झाले."

तिने ब्रोच पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"नसेल मारायचा तर राहू दे. मी माझ्या नावाचा शिक्का नोंदवून आणते. तोही चौकटच मिळेल, कायदाच आहे तसा."

आन्सेल्मनी भिंग डोळ्याला लावून तो पालथा गुलाब पाहिला. मग त्यांनी खण उघडून शिक्का काढला, हातोडी घेतली आणि सवयीने ब्रोच पालथा केला.

सोलांजने तो पुन्हा उताणा केला.

"पुढून मारा," ती म्हणाली.