माक्याचं तेल

"तेल सुरू केलं तेव्हा यांच्या डोक्यावर केस होते किती?" भोपाळहून तपासणीला आलेल्या सदाशिवरावांनी विचारलं.

"मूठभरही नाही," बळवंत वैद्य म्हणाले. "विषमज्वरानं सगळे झडले होते."

समोर शालिनीताई बसल्या होत्या. केस मोकळे सोडलेले, दाट, खांद्याखाली रुळणारे. बळवंतांच्या त्या शेजारीण. दर सोमवारी रिकामी बाटली घेऊन जयेंद्रगंजातल्या त्यांच्या सरकारी औषधशाळेत यायच्या आणि भरून न्यायच्या. दीड वर्षात एक सोमवार चुकला नव्हता.

नवं मध्य प्रदेश राज्य होऊन तीन महिने झाले होते. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकेक करून भोपाळला चालल्या होत्या. नको असलेल्या बंद होत होत्या. औषधशाळेचं नाव बंद होणाऱ्यांच्या यादीत होतं. अकरा माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. बळवंतांची झोप मात्र एक दिवसही उडाली नव्हती. त्यांच्याकडे माक्याचं तेल होतं.

"झोपलेली मुळं जागी करणारं काहीतरी द्रव्य माक्याच्या रसात आहे," ते ठामपणे म्हणाले. "ते वेगळं काढायला मला दोन वर्षं द्या."

सदाशिवराव रसायनशास्त्र शिकलेले. नुसत्या बोलण्याला भुलणारे नव्हते. त्यांनी परवानगी विचारून एक बट हलकेच ओढून पाहिली. एकही केस हातात आला नाही.

"ताई, तेल नेमानं वापरता?"

"सकाळ-संध्याकाळ. एक दिवसाचा नागा नाही केला."

"दुसरं काही औषध?"

"बिलकुल नाही."

सदाशिवरावांनी यादी पुढे ओढली. मग त्यांनी यादीतलं नाव खोडलं आणि खाली सही केली.

"औषधशाळा इथंच राहील, वैद्यराज. आता ते द्रव्य शोधून दाखवा."

आतल्या खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. शालिनीताईंना पोचवायला बळवंत दारापर्यंत गेले.

"ताई, आज तुम्ही अकरा घरं वाचवलीत."

"मी कसली? मला आपली माझीच धास्ती होती." शालिनीताईंनी भरलेली बाटली पदराखाली घेतली. "ही जागा बंद झाली असती तर देवीच्या समईत काय घातलं असतं? पहिल्याच दिवशी डोक्याला लावायला गेले, तर वासानं मळमळलं. तेव्हापासून थेंब न् थेंब तिलाच वाहते. केसही तिनंच तर दिले!"