डाव्या हाताची लाट

"छोटी, लाट कशी आहे?" सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता सर्जननी विचारलं.

"छान आहे, सर," कोपऱ्यातल्या पडद्यासमोरून छोटी म्हणाली.

तिच्या मागे उभ्या असलेल्या ताईंच्या पोटात दुखलं. बारा वर्षं हा प्रश्न त्यांना विचारला जायचा. छोटीला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि ताईंच्या वाट्याला आता देखरेख आली होती, म्हणजे नुसतं उभं राहणं.

टेबलावरच्या बाईंच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. त्याच्या तोंडाशी क्लिप लावायची होती. भूल दिलेलं माणूस हात बधिर झाल्याचं सांगू शकत नाही. म्हणून मनगटाला विजेचा बारीकसा झटका द्यायचा आणि मेंदूचं उत्तर पडद्यावर बघायचं. उत्तर आलं की लाट उठते.

क्लिप लागली आणि डाव्या हाताची लाट उतरू लागली. वायर निघाली असेल, असं वाटून छोटी खाली वाकली आणि जोडण्या चाचपू लागली.

ताईंना एका नजरेत कळलं. वायर निघाली की रेघ वेडीवाकडी नाचते. ही मुकाट बसत चालली होती. क्लिपने भलतीच वाहिनी दाबली होती. सांगायला एक वाक्य पुरे होतं, पण त्या मूग गिळून उभ्या राहिल्या. होऊ दे जरा फजिती. कळू दे सरांना, त्यांची लाडकी किती पाण्यात आहे ते.

लाट निम्म्यावर आली. छोटी अजून वायरींतच होती. मग मात्र ताई पुढे झाल्या.

"सर, क्लिप काढा. डावा हात जातोय."

क्लिप निघाली, जरा सरकवून पुन्हा लावली गेली. हळूहळू लाट वर आली.

लाट उतरल्यावर किती वेळाने सांगितलं, असं सर्जननी विचारलं. त्यांना ते कागदावर लिहायचं होतं.

छोटीने पडद्यावरची नोंद मागे सरकवली. तिथे वेळ आपोआप उमटते. दीड मिनिट. तिने वळून ताईंकडे पाहिलं. ते दीड मिनिट ताई पडद्यासमोरच उभ्या होत्या.

"माझं लक्ष वायरीत होतं, सर," छोटी म्हणाली. "ताईंनी बघितल्याबरोबर सांगितलं."

"ताई होत्या म्हणून निभावलं," सर्जन म्हणाले.

हे वाक्य ऐकायला ताईंचे कान आठ महिने आसुसले होते. ते आज मिळालं, आणि दिलं छोटीने. तिचा इतका राग त्यांना आजवर कधीच आला नव्हता.